आधी गाळपाचे दिवस मोजा, मग शेअरचा भाव बोला



ऊसविकासाच्या पानावर कोळशाचा विषय कशाला, असे कुणी विचारील. पण बिलाचे पैसे खात्यावर जमा झाले की ते कुठे गुंतवावेत, हा प्रश्न आम्हाला गटागटांत विचारला जातो. शहरात नोकरीला असलेली मुले आता मोबाईलवरून अमेरिकेतले शेअर घेतात. 'स्वच्छ कोळसा' करणाऱ्या एखाद्या लहान कंपनीचा शेअर स्वस्त आहे, घेऊन टाकू, असे घरी सांगतात. स्वस्त म्हणजे किती, हे कसे पाहावे याबद्दल आमचे मत येथे मांडतो.

एक घडलेले उदाहरण घेऊ. अमेरिकेतल्या वायोमिंग राज्याच्या कोळशात गंधक कमी, पण पाणी पाव हिश्शाहून जास्त. आपल्या बगॅसमध्ये तर निम्मे पाणी असते. बॉयलरची किती उष्णता नुसते पाणी उडवण्यात जाते हे आपण जाणतोच. डेन्व्हरच्या केएफएक्स कंपनीने हा कोळसा उष्णता आणि दाबाखाली वाळवून, त्यातला काही पारा काढून 'के-फ्युएल' नावाने विकायचे ठरवले. कल्पना खोटी नव्हती. जिलेट गावाजवळ कारखानाही उभा राहिला. २००६ साली कंपनीचे नाव एव्हरग्रीन एनर्जी झाले. पण २००८ साली तो कारखाना बंद ठेवावा लागला आणि जानेवारी २०१२ मध्ये कंपनीने दिवाळे जाहीर केले.

यातून काय घ्यायचे? संशोधन केंद्रावरच्या प्लॉटात नवी जात एकरी शंभर टन देते, म्हणून कोणी सगळ्या रानात तिचे बेणे लावीत नाही. आपल्या जमिनीत, आपल्या पाण्यावर, खोडव्यालाही ती टिकते का, हे आपण आधी पाहतो. तंत्राचेही तसेच आहे. वाळवलेला कोळसा धूळ फार करतो, साठ्यात आपोआप तापून पेटण्याचाही धोका असतो. अशा अडचणी प्रयोगशाळेत नाही, तर रोज शेकडो टन माल काढताना कळतात. म्हणून पेटंट किती यापेक्षा कारखाना वर्षात किती दिवस चालला, हे आधी विचारा.

मग हिशेब मांडा. समजावण्यापुरते आकडे घेऊ. वर्षाला ५ लाख टन माल आणि सगळा खर्च व व्याज जाऊन टनामागे ४ डॉलर शिल्लक, म्हणजे २० लाख डॉलर. शेअर २ कोटी असतील तर शेअरमागे १० सेंट. बाजारात भाव ३ डॉलर असेल, तर तेवढी कमाई व्हायला ३० वर्षे लागतील. त्यातही कारखाना पुरा होईपर्यंत पैसे कमी पडले आणि कंपनीने आणखी २ कोटी शेअर विकले, तर तीच कमाई ५ सेंटवर येते आणि ३० ची ६० वर्षे होतात. वाटेकरी वाढले की वाटा घटतो, हे खातेफोड केलेल्या माणसाला सांगायला नको.

तिसरी गोष्ट गिऱ्हाइकाची. अमेरिकेत २००५ च्या सुमारास निम्मी वीज कोळशावर होत होती. पुढे नैसर्गिक वायू स्वस्त झाला आणि २०२३ साली कोळशाचा वाटा सुमारे १६ टक्क्यांवर आला. माल चांगला, पण घेणारेच कमी झाले तर भाव कोण देणार? मिसिसिपीतल्या केम्पर येथे तर सदर्न कंपनीसारख्या बलाढ्य वीज कंपनीनेही सुमारे साडेसात अब्ज डॉलर खर्चानंतर २०१७ साली कोळशापासून वायू करण्याचे काम थांबवले. लहान कंपनीचा दम तो किती!

आपला कारखान्याचा शेअर निराळा. त्याला बाजारभाव नाही, एका सभासदाला एकच मत, आणि शेअरपाठोपाठ ऊस गाळपाला जातो. कंपनीचा शेअर म्हणजे नुसता वाटा. कंपनी बुडाली तर देणेकऱ्यांचे भागून उरले तरच हाती येणार.

तंत्र वाईट आहे असे आमचे म्हणणे नाही. हौस असेल तर बुडाले तरी घर हलणार नाही एवढीच रक्कम घाला. पीककर्जाचा, खताचा किंवा पुढच्या लागणीचा पैसा मात्र त्यात अजिबात घालू नका. चालता कारखाना, कायमचे गिऱ्हाईक आणि शेअरची एकूण संख्या, या तीन गोष्टी कागदावर दिसल्याशिवाय कुठल्याही शेअरला स्वस्त म्हणू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

— ऊसविकास अधिकारी