पंचांग यंत्रात शिरले म्हणून विज्ञान होत नाही

विहारात शुभ्रवस्त्रधारी वधूवर, त्रिशरण-पंचशील, तथागत व बाबासाहेब यांच्या प्रतिमांना पुष्पहार; सारे यथासांग पार पडते. परंतु तिथी कशी ठरविली असे विचारताच वरपिता खाली पाहतो. संगणकाने म्हणे पत्रिका काढली आणि छत्तीसपैकी अठ्ठावीस गुण जुळले! भटजीला दारातून घालविले, तो यंत्रातून घरात शिरला. आणि वर आम्हांलाच ऐकविले जाते, 'वकीलसाहेब, हे तर विज्ञान आहे.'

हे विज्ञान नव्हे. ग्रहांची स्थाने गणिताने अचूक निघतात, हे मान्य. पण मंगळ सप्तमात असता वैधव्य येते, हे कोणत्या गणिताने निघाले? ब्रह्मजाल सुत्तात विवाहाचे शुभ दिवस सांगून पोट भरणे ही मिथ्या आजीविका ठरविली आहे. पुष्कळ जण २००४ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निर्णयाकडे बोट दाखवितात. विद्यापीठांत ज्योतिष शिकवू नये, ही मागणी तेव्हा फेटाळली गेली, हे खरे. अभ्यासक्रम ठरविणे हे तज्ज्ञांचे काम, हा त्यामागचा मुख्य आधार होता. त्यायोगे तुमच्या मुलीचा मंगळ सिद्ध होत नाही.

धर्म विज्ञानाशी सुसंगत असावा, असे बाबासाहेबांनी १९५० साली महाबोधी मासिकात लिहिले. याचा अर्थ, अणूचा शोध पिटकांत लागला म्हणून टाळ्या घ्याव्यात, असा नव्हे. (वेदांत विमाने पाहणाऱ्यांना आपण हसतो ना?) त्यांनी स्वतः काय केले ते पाहा. २९ वर्षांच्या राजपुत्राने तोवर वृद्ध, रोगी, प्रेत पाहिलेच नव्हते, ही कथा बुद्धीला पटत नाही म्हणून त्यांनी सोडून दिली, आणि रोहिणीच्या पाण्यावरील शाक्य-कोलियांच्या कलहात गृहत्यागाचे कारण दाखविले. तथागतांच्या चरित्रालाही ज्यांनी कसोटी लावली, त्यांचे अनुयायी पत्रिकेला का लावीत नाहीत?

बंधु-भगिनींनो, विवाहापूर्वी जुळवून पाहण्यासारखे एक आहे, ते रक्त. विदर्भातील आपल्या समाजात सिकलसेलचा विकार मोठ्या प्रमाणावर आहे. दोघेही वाहक असतील तर प्रत्येक गर्भाला हा रोग होण्याचा संभव चारांत एक असतो. मूल वेदनेने तळमळते, आणि आईबाप पुन्हा साडेसाती पाहावयास धावतात! तपासणी शासकीय रुग्णालयात होते. बोलणी पक्की होण्यापूर्वी दोन्ही पक्षांनी ती करून घ्यावी. मात्र अहवाल हाती येताच मुलीलाच नाकारणारे निघतील, म्हणून आताच सांगून ठेवतो: वाहक हा रोगी नव्हे, आणि हा रोग आईबाप दोघांकडून अंश आल्याखेरीज होत नाही.