वास्तूचे मौन आणि दासीपुत्राची साक्ष

अमेरिकेच्या १७७६ च्या जाहीरनाम्यात मानवी समतेचा उद्घोष करणारे थॉमस जेफरसन हयातभरात सहाशेहून अधिक गुलामांचे धनी होते. व्हर्जिनियातील त्यांचे माँटिसेलो हे निवासस्थान आज संग्रहालय आहे. तेथील पर्यटकांना कित्येक दशके घुमट, ग्रंथसंग्रह आणि बागा दाखविल्या गेल्या. सॅली हेमिंग्ज मात्र दृष्टीआड ठेवली गेली.

कोण ही सॅली? जेफरसन यांच्या दिवंगत पत्नीची सावत्र बहीण, आणि तरीही त्याच घरची दासी! १७८७ मध्ये, चौदाव्या वर्षी, ती जेफरसन यांच्या कन्येच्या सोबतीला पॅरिसला गेली. पुढे तिला सहा अपत्ये झाली. आपला पिता जेफरसनच, असे तिचा पुत्र मॅडिसन याने १८७३ मध्ये ओहायोतील एका वृत्तपत्रात स्पष्टपणे सांगितले. परंतु साक्ष पडली दासीपुत्राची! विद्वानांनी ती मोडीत काढली आणि धन्याच्या नातवंडांनी भाच्यांवर ढकललेले पितृत्व मात्र प्रमाण मानले.

१९९८ च्या डीएनए चाचणीत सॅलीच्या धाकट्या मुलाचा वंश जेफरसन घराण्याशी जुळला आणि भाच्यांची कथा कोसळली. बंधूकडे बोट दाखविणारे आजही आहेत. पण प्रत्येक गर्भधारणेच्या काळी जेफरसन माँटिसेलोतच होते, हे नोंदीच सांगतात. संग्रहालय चालविणाऱ्या प्रतिष्ठानाने २००० मध्ये त्यांचे पितृत्व अत्यंत संभाव्य मानले आणि २०१८ मध्ये सॅलीसाठी दालन उघडले. मॅडिसनच्या साक्षीनंतर तब्बल १४५ वर्षांनी!

‘थोरांच्या शयनगृहात डोकावू नये,’ असा शहाजोग सल्ला अजूनही दिला जातो. दोन स्वतंत्र व्यक्तींच्या खाजगी जीवनापुरता तो रास्तही ठरेल. येथे मात्र एक व्यक्ती दुसरीची मालमत्ता होती. धन्याला नकार देण्याचा अधिकार कायद्याने तिला दिलेलाच नव्हता. ही खाजगी बाब नव्हे, ती त्या राज्यव्यवस्थेचीच गोष्ट आहे. म्हणूनच तिला ‘प्रेमकथा’ म्हणून रंगविणारेही सत्याचा तितकाच अपलाप करतात. सॅलीच्या मनात काय होते, याचा तिच्या हातचा एकही शब्द उपलब्ध नाही. तिच्या तोंडी प्रेम घालण्याचा अधिकार कोणी दिला?

जेफरसन यांची लेखणी थोर होती, हे नाकारण्याचे कारण नाही. परंतु भिंती जपायच्या आणि त्या भिंतींआड राबलेल्यांची साक्ष पुसायची, याला वारशाचे जतन म्हणत नाहीत. पुरावा असेल तेथे बोलावे, नसेल तेथे थांबावे. मात्र साक्षीदार दुर्बल आहे एवढ्यासाठी त्याला खोटा ठरवू नये.