ओढ्याची पाहणी गच्चीपासून करा

मा. आयुक्त,
पुणे महानगरपालिका



२५ सप्टेंबर २०१९ च्या रात्री आंबिल ओढ्याच्या पुराने अरण्येश्वर आणि टांगेवाला कॉलनीत काय केले, हे आपल्या कार्यालयाला नव्याने सांगायला नको. तेव्हापासून ओढ्याचा विषय निघाला की बोलणे सीमाभिंती, गाळ आणि काठावरच्या झोपड्यांवर येऊन थांबते. मला बोलायचे आहे ते काठापासून लांब, चढावर राहणाऱ्या आम्हा गच्चीवाल्यांबद्दल.

शंभर चौरस मीटरच्या गच्चीवर तासाभरात ५० मिलिमीटर पाऊस पडला की ५,००० लिटर पाणी होते. पूर्वी अंगणातली माती आणि झाडांचे आळे यातले बरेचसे पिऊन टाकत. आता अंगणाचे पार्किंग झाले, त्यावर कोबा नाहीतर पेव्हर ब्लॉक आले. पाणी जिरत नाही, एकदम सुटते. रस्त्यावरचे ऑइल, गाडी धुतलेला साबण, कुत्र्यांची घाण असे सगळे घेऊन ते पावसाळी गटारातून थेट ओढ्यात जाते. वाटेत शुद्धीकरण नाही. पहिल्या सरींचे पाणी तर सगळ्यात घाणेरडे.

याहून वाईट प्रकार म्हणजे गच्चीचा पाइप सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडणे. पावसात मैलावाहिनी तुंबते, झाकणे उचलली जातात आणि मैला ओढ्यातून मुठेत उतरतो. पुढे तेच पाणी भीमेवाटे उजनीला जाते.

हे पाणी जागेवरच जिरवावे किंवा साठवावे म्हणून पर्जन्यजल संधारणासाठी मिळकतकरात सवलत आहे. पण सवलतीच्या तपासणीत कोरड्या दिवशी शोषखड्डा पाहून काय कळणार? खाली अखंड काळा पाषाण असेल तर खड्डा नुसता भरून वाहतो. तिथे साठवण टाकीच हवी. जागा न पाहता सगळीकडे एकच नकाशा चालवू नये.

म्हणून विनंती एवढीच: सवलतीची तपासणी भर पावसात करावी. कर्मचाऱ्याने चेंबरचे झाकण उघडून पाहावे. गच्चीचे पाणी आत पडताना दिसले तर सवलत बंद करावी आणि जोड तोडायला मुदत द्यावी. सुरुवात सहकारनगरच्या चढापासून करावी. आमची इमारतही त्यातच येते.

आपला,
एक करदाता