वॉल काढून टाकणाऱ्यांविरुद्ध

मे महिना, दुपारचा दीड, झाशीचा इलाइट चौराहा. चारी बाजूंनी ई-रिक्षा आणि मधोमध माझी जोंगा. तापमानाचा काटा लाल पट्टीकडे निघालेला. शेजारच्या स्कूटरवाल्याने आपुलकीने सल्ला दिला, "साहब, बड़ा रेडिएटर डलवा लो." हा सल्ला मी तीन पोस्टिंगांमध्ये, तीन भाषांत ऐकलाय, आणि एकदा मानलाही. म्हणूनच आज भांडायला बसलोय.

ज्यांना जोंगा ठाऊक नाही त्यांच्यासाठी: निसानच्या पी-६० या गाडीची ही आपल्याकडे बनलेली आवृत्ती. जबलपूरच्या वाहन कारखान्यात ती तयार होई. सहा सिलिंडर, ३९५६ सीसी, पेट्रोल. फौजेने लिलावात काढलेली एक मी घेतली आणि सुट्टीच्या दिवशी बंगल्यामागच्या पत्र्याखाली नट-नट उकलून पुन्हा बांधली. इंजिन तेच ठेवलं, कारण मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ मला माहीत आहे आणि आरसी बुकात जे लिहिलंय तेच बॉनेटखाली असावं असं माझं मत आहे. कॉम्प्रेशन मात्र सुधारलं, कार्ब्युरेटर नीट केला. ताकद वाढली तशी उष्णताही वाढली.

मग ती चौकात तापू लागली. गावातल्या एका मिस्त्रीने पाच मिनिटांत निदान केलं: "वॉल निकाल देते हैं." वॉल म्हणजे थर्मोस्टॅट. त्याने तो काढून माझ्या हातात ठेवला आणि वर चार रो असलेला मोठा रेडिएटर विकला. बावीस हजार गेले. पुढच्या शनिवारी त्याच चौकात काटा पुन्हा त्याच जागी.

चूक मिस्त्रीपेक्षा माझी जास्त. खडकवासल्यात तीन वर्षं आणि पुढे वीस वर्षं मला एकच शिकवलं गेलं की आधी टेहळणी, मग हल्ला. रणगाड्यावर मी ते पाळतो. स्वतःच्या गाडीवर पाळलं नाही.

टेहळणी इथे अगदी सोपी होती. गाडी उभी असताना किंवा रांगत असताना तापते आणि हमरस्त्यावर साठच्या वेगाला थंड होते, तर दोष जवळजवळ नेहमी हवेचा. पळताना वारा आपोआप जाळीतून घुसतो, चौकात सगळी भिस्त पंख्यावर. उलट रस्त्यावर वेगात तापत असेल तर रेडिएटर लहान किंवा चोंदलेला आहे, नाहीतर पंप, होज, मिश्रण यांत काहीतरी बिघडलंय. माझी गाडी ललितपूरच्या रस्त्यावर कधीच तापली नव्हती. म्हणजे उत्तर समोर होतं आणि मी बावीस हजार मोजून ते टाळलं.

पंख्याभोवती काउलिंगच नव्हतं! कधीतरी कुणीतरी काढून फेकलेलं. उघडा पंखा रेडिएटरच्या एका गोलातूनच थोडीफार हवा ओढतो, कोपरे तसेच राहतात. शिवाय बॉनेटखालची गरम हवा कडेच्या फटींतून पुढे येऊन पुन्हा आत ओढली जाते. अशा ठिकाणी रेडिएटर दुप्पट जाड केला तर हवेला त्यातून जाणं आणखी कठीण. बबीन्याच्या रेंजवर रणगाडे बघितलेत त्यांना विचारा. कूलिंगच्या वाटेवरचा एक सील फाटला तरी ड्रायव्हरचा जीव कासावीस होतो.

एका निवृत्त ईएमई नायब सुभेदाराबरोबर बसून पत्र्याचं काउलिंग वाकवलं. पात्यांचा अर्ध्याहून थोडा जास्त भाग काउलिंगच्या आत, भोवती जेमतेम बोटभर जागा, रेडिएटरच्या कडेला रबराची पट्टी. खर्च दोन हजारांच्या आत.

आता त्या वॉलविषयी. काढून टाकण्याचं समर्थन करणारे म्हणतात, पाणी मोकळं वाहील. विरोध करणारे म्हणतात, पाणी फार जोरात जातं, त्याला थंड व्हायला वेळ मिळत नाही. दुसरं म्हणणं तर निव्वळ बाष्कळ. पाणी जोरात फिरल्याने उष्णता कमी वाहून जात नाही. वॉल हवा तो वेगळ्या कारणांसाठी. बऱ्याच इंजिनांत तोच बायपासची वाट बंद करतो. तो नसेल तर गरम पाण्याचा काही भाग रेडिएटरला वळसा घालून परत इंजिनात शिरतो. जानेवारीतल्या झाशीच्या पहाटे इंजिन गरमच होत नाही, पेट्रोल ऑइलमध्ये उतरतं, सिलिंडर झिजतात. साधारण ८२ अंशांना उघडणारा नवा वॉल आधी घरी भांड्यात उकळून बघा, मग बसवा.

आणि पाणी! बुंदेलखंडातलं बोअरचं जड पाणी घालून आपण रेडिएटरच्या नळ्यांत चुना लावतो, मग "रेडिएटर लहान पडला" म्हणतो. डिस्टिल्ड पाणी आणि कूलंट निम्मे-निम्मे. "इथे बर्फ कुठे पडतो?" हा प्रश्न गैरलागू आहे. कूलंट गंज रोखतो आणि उत्कलनबिंदू वाढवतो. दाब धरणारं झाकण त्याहून मोठं काम करतं: सात पौंडांच्या झाकणाने साधं पाणीसुद्धा शंभरऐवजी सुमारे १११ अंशांना उकळतं.

पण त्याच झाकणामुळे मला खरा राग येतो. त्या गॅरेजमध्ये बारा-तेरा वर्षांचा एक मुलगा होता. उजव्या हाताच्या कोपरापर्यंत कातडी गुलाबी, सुरकुतलेली. वाफाळत्या गाड्यांची झाकणं तोच उघडायचा, ओलं फडकं गुंडाळून. दाब सुटला की आतलं पाणी त्याच क्षणी उकळून उसळतं. फडकं काय करणार? मालकाला बोललो तर म्हणाला, "सीख रहा है." पुन्हा तिथे गेलो नाही. चाइल्डलाइनच्या १०९८ वर फोन केला. तो पहिल्याच दिवशी करायला हवा होता.

परवा इलाइटला पंचवीस मिनिटं अडकलो. पारा ४५ च्या आसपास. काटा मध्यावर आला, थोडा वर सरकला, थांबला. चार रोचा रेडिएटर व्हरांड्यात पडून आहे. कुणाला खरोखर हवा असेल तर घेऊन जा, पण आधी सांगा की गाडी उभी असताना तापते की पळताना.