साक्षीदारास आधीं शिक्षा नको

पेट्रोलवरील जुन्या पिकअपमध्यें इंजिनाचा दिवा लागून तपासयंत्रानें ऑक्सिजन सेन्सरचें नांव दाखविलें, कीं मिस्त्री तो बदलावयास सांगतो. आमच्या मतें ही घाई शेतकऱ्यास परवडणारी नाहीं. सेन्सर हा धुरांतील प्राणवायूची साक्ष देणारा; साक्ष प्रतिकूल आली म्हणून साक्षीदार खोटा ठरत नाहीं. त्याच्या अलीकडे सायलेन्सरच्या नळीस भेग असल्यास बाहेरची हवा शिरून पेट्रोल कमी पडत असल्याचा भास होतो, व इंजिन विनाकारण अधिक पेट्रोल पितें. म्हणून बंधूंनीं प्रथम नळी व तारा पाहाव्या. मग इंजिन तापल्यावर डिजिटल मीटर लावावा. कन्व्हर्टरआधींच्या झिर्कोनिया सेन्सरचा आंकडा ०.१ ते ०.९ व्होल्टांमध्यें भरभर खालवर होत असल्यास तो बहुधा शाबूत असतो. परीक्षा आधीं, खर्च मागाहून.