रिकाम्या पोटाच्या मुंग्या

दह्याच्या जाहिरातीपासून औषधाच्या दुकानातल्या महागड्या पुडीपर्यंत सध्या एकच घोषा चालू आहे: पोटात जिवाणू हवेत, आणि भरपूर हवेत. माणसापुरते ते असू द्या. पण जो कोणी खातो-पितो त्याच्या पोटात असा गोतावळा असणारच, हे कुणी सांगू लागले की मी त्याला मुंग्या दाखवतो.

जॉन सँडर्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पेरूच्या वर्षावनातल्या नाना कुळांच्या मुंग्यांची आतडी तपासली आणि २०१७ साली निष्कर्ष छापले. काही मुंग्यांच्या पोटात जिवाणूंची खच्चून गर्दी. बऱ्याच कुळांत मात्र इतके थोडे, की मोजणीत जेमतेम सापडावेत. फरक हजारो पटींचा! झाडांच्या शेंड्यांवर राहणाऱ्यांत जी जितकी शाकाहारी, तितके तिचे जिवाणू जास्त. जमिनीवरच्या मुंग्यांत असा मेळ बसला नाही.

ही तफावत नुसते डीएनए वाचून एवढी ठळक दिसत नाही. त्यात कोण किती टक्के ते कळते, एकूण किती ते नाही. गीरच्या जंगलात बाणेज येथे एकाच मतदारासाठी मतदान केंद्र मांडले जाई. त्याने मत दिले की शंभर टक्के मतदान. तसेच हे. त्यात नमुना जवळपास रिकामा असला, तर प्रयोगशाळेतल्या रसायनांबरोबर आलेले उपरे जिवाणूही मुंगीचे रहिवासी म्हणून नोंदले जातात. त्यामुळे टक्केवारीची रंगीत वर्तुळे दाखवणारा आणि संख्या न सांगणारा लेख मी तरी बाजूला ठेवतो. मुंग्याच कशाला, सुरवंटांच्या आतड्यातही कायमची वस्ती नसते, असे त्याच वर्षी दुसऱ्या एका अभ्यासाने दाखवले.

मग शेंड्यावरच्या मुंगीलाच हा लवाजमा का? तिथे गोड रस मुबलक, पण नत्राची चणचण. अमेरिका खंडातली कासवमुंगी त्यासाठी पक्ष्यांची विष्ठासुद्धा खाते. त्या विष्ठेतला नत्र मुंगीला थेट वापरता येत नाही. शेतात टाकलेला युरिया मातीतले जिवाणू फोडतात, तसा तिच्या पोटातले जिवाणू फोडतात आणि त्यातून अमिनो आम्ले घडवतात. प्रतिजैविके देऊन हे जिवाणू हटवले, की ती मिळकतही आटते.

एवढा मौल्यवान ठेवा ती उघडा कसा ठेवील? कोषातून नुकतीच बाहेर आलेली मुंगी थोरल्या बहिणीच्या गुदद्वाराशी तोंड लावून हे विरजण घेते. (किळस येत असेल तर दह्याचे विरजणही कुणाकडून तरी मागूनच आणलेले असते, हे आठवावे.) त्यानंतर तिच्या अन्नपिशवी आणि आतड्यामधली गाळणी अशी घट्ट होते, की पातळ अन्न आत झिरपते, पण जिवाणूही पलीकडे जाऊ शकत नाही. एकदाच लावलेले विरजण, जन्मभराचे. या मुंगीला प्रोबायोटिक विकायला गेलेला माणूस दारातूनच परत येईल.

आपल्या स्वयंपाकघरातल्या मुंगळ्याची तऱ्हा आणखी निराळी. त्याच्या कुळात ब्लॉकमानिया नावाचा जिवाणू आतड्याच्या पोकळीत नव्हे, तर आतड्यालगतच्या खास पेशींच्या आत राहतो आणि आईच्या अंड्यातूनच पुढच्या पिढीत येतो. विरजण मागायला शेजारी जायची गरजच नाही. बाहेरून येणाऱ्यांसाठी वेगळा बंदोबस्त आहे. फ्लोरिडातल्या त्याच्या एका भाईबंदावर केलेला अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला. खाणे झाले की तो शरीर वाकवून पोटाच्या टोकाला तोंड लावतो आणि स्वतःचेच फॉर्मिक आम्ल गिळतो. त्याने अन्नपिशवी इतकी आंबट होते, की रोगकारक जिवाणू बहुतेक तिथेच मरतात आणि आंबटपणा सोसणारे तेवढे पुढे सरकतात. साखरेच्या डब्याजवळचा मुंगळा असा दुमडून बसलेला दिसला, तर झटकण्याआधी जरा थांबा. जेवणानंतरचे त्याचे पाचक चालू असेल.