कारागृहांचे मानांकन : कोणासाठी?

कारागृह ही समाजाच्या नजरेआडची वास्तू आहे. आत काय चालते याची नोंद आतलेच लोक करतात. म्हणूनच बाहेरच्या कोणी येऊन तपासणी करावी ही कल्पना मुळात स्वागतार्ह ठरते. अमेरिकेत हे काम १८७० साली स्थापन झालेली ‘अमेरिकन करेक्शनल असोसिएशन’ ही बिगरसरकारी संस्था करते. सहभाग ऐच्छिक असतो. अनिवार्य निकषांची शंभर टक्के आणि अन्य निकषांची किमान नव्वद टक्के पूर्तता झाली की तीन वर्षांसाठी मानांकन मिळते.

याचे लाभ नाकारता येणार नाहीत. आग लागल्यास काय करायचे, औषधांचा हिशेब कोणी ठेवायचा, नव्या रक्षकाला किती प्रशिक्षण द्यायचे, हे सारे लेखी स्वरूपात येते. अधीक्षकाच्या मर्जीवर चालणारा कारभार नियमावर येतो, ही लहान गोष्ट नव्हे. निधी मागताना अधिकाऱ्यांच्या हाती एक सबळ आधारही येतो.

परंतु तपासणीचे शुल्क कारागृह चालवणाराच भरतो आणि तपासनीस कधी येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. ‘नॅक’ची समिती येण्यापूर्वी आपल्या महाविद्यालयांच्या भिंतींना रंग कसा लागतो, हे वाचकांना सांगायला नको! (२०२५ च्या फेब्रुवारीत तर ‘नॅक’च्या तपासणी समितीतील सदस्यांनाच सीबीआयने लाचखोरीच्या आरोपावरून अटक केली.) या मानांकन मंडळावर काम केलेले न्यायमूर्ती डेव्हिड बॅझेलॉन यांनी १९८२ साली मंडळाच्या कारभारातील गुप्ततेवर कठोर टीका करीत राजीनामा दिला होता. २०२० साली सिनेटर एलिझाबेथ वॉरन यांच्या अहवालातही या व्यवस्थेवर हितसंबंधांच्या गुंतागुंतीचा ठपका ठेवला गेला.

खरा धोका मात्र मानांकनाची ढाल होण्यात आहे. मिसिसिपीतील पार्चमन कारागृहात मृत्युदंडाच्या कैद्यांच्या कोठड्यांत असह्य उष्मा होता, डासांचा उपद्रव होता. शेजारच्या कोठडीतील शौचालयाची घाण आपल्या कोठडीत वर येत असे. त्यांच्या खटल्यात २००४ साली संघीय अपील न्यायालयाने स्पष्ट केले, की या संस्थेच्या निकषांची पूर्तता विचारात घेता येईल. पण तेवढ्याने कारागृहातील स्थिती राज्यघटनेला धरून आहे असे सिद्ध होत नाही.

भारतात कारागृह हा राज्यांचा विषय आहे. २०२२ च्या अखेरीस देशातील कारागृहांत क्षमतेच्या १३१ टक्के बंदी होते आणि दर चारांपैकी तीन कच्चे कैदी होते. ही गर्दी न्यायालयीन विलंबातून येते; कोणतेही प्रमाणपत्र ती हटवू शकणार नाही. आपल्या कारागृह नियमावलीत अभ्यागत मंडळाची तरतूद पूर्वीपासून आहे. त्यातील अशासकीय सदस्यांच्या नेमणुका अनेक ठिकाणी वर्षानुवर्षे रखडतात. मानांकनाची परदेशी चौकट आणण्याआधी राज्य सरकारांनी या जागा भराव्यात, सदस्यांना पूर्वसूचनेविना आत जाण्याचा आणि कैद्यांशी एकांतात बोलण्याचा अधिकार प्रत्यक्षात वापरू द्यावा, आणि त्यांचे अहवाल विधिमंडळाच्या पटलावर ठेवावेत.